जागा बदलली की माणूस बदलतो, मग ते बदलणं आपल्या हातात कसं ठेवायचं

जून लागला की गावाकडची मुलं-मुली पुण्यात यायला लागतात. कॉट बेसिसवर जागा बघायची, मेस लावायची, अभ्यासिकेत टेबल मिळवायचं, आणि पहिली नोकरी असेल तर हिंजवडी नाहीतर खराडीच्या बाजूला कुठल्यातरी फ्लॅटमध्ये चौथा पार्टनर म्हणून घुसायचं. निघताना घरून सगळ्यांना साधारण एकच वाक्य ऐकायला मिळतं, "संगत बघून राहा बाळा, बिघडू नको". वाक्य खरंच आहे, पण म्हणजे नेमकं करायचं काय ते कुणी सांगत नाही. मी वसतिगृहाच्या कामात बरीच वर्षं आहे, मुलं येताना कशी असतात आणि चार वर्षांनी जाताना कशी झालेली असतात हे रोज जवळून बघतो, आणि माझं आता ठाम मत झालंय की माणसाला काय बरोबर वाटतं आणि काय चूक वाटतं हे भाषणाने किंवा निश्चयाने फारसं बदलत नाही, ते बदलतं तुम्ही रोज कुणाबरोबर जेवता, तुमच्या आसपास लोक कशावर हसतात आणि कुठली गोष्ट करताना तुम्हाला लाज वाटते यावरून. म्हणून आधी जागेकडे लक्ष द्यायचं. कसं ते सांगतो.

निघायच्या आधी एक पान लिहून ठेवा

साधी वही घ्या, फोनमध्ये नका लिहू, कारण फोनमधलं तुम्ही नंतर सहज बदलाल आणि बदललंय हेसुद्धा विसराल. त्यात "मी प्रामाणिक राहीन", "मी मोठ्यांचा मान ठेवीन" असलं काही लिहायचं नाही. स्वतःला अप्रामाणिक समजणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही, त्यामुळे असल्या वाक्यावर स्वतःला कधी पकडता येत नाही. करायच्या आणि न करायच्या गोष्टी लिहा, अगदी बारीक. मी खोट्या कागदावर सही करणार नाही. कॉलेजची फी म्हणून घरून मागितलेले पैसे दुसऱ्या कशाला वापरणार नाही. मेसच्या मावशींशी, वॉचमनशी अरेतुरे करणार नाही. उधार घेतलं तर तारीख सांगून घेईन. असं आठ-दहा ओळी पुरेत.

आणि त्याच पानावर खाली एक वेगळा भाग करा, घरची कुठली गोष्ट मला आत्ताच पटत नाही. हा भाग बहुतेक जण लिहीतच नाहीत, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरात अमुक जातीच्या माणसाला वेगळा कप आहे, बहिणीला दहावीनंतर शिकू देणार नाहीत, वडील आईला चारचौघांत बोलतात, जे काही असेल ते स्पष्ट लिहा. कारण नवीन जागा तुमचं फक्त नासवेलच असं नाही, तिथे तुमचं काहीतरी सुधारूही शकतं, आणि काय सुधारायला हवंय हे आधी माहीत असेल तर तशी माणसं शोधता येतात. खाली तारीख टाका आणि पान दुमडून ठेवून द्या.

हे कशासाठी करायचं, तर हा बदल फार हळू होतो. वर्षभराने विचारलं तर मुलगा अगदी मनापासून सांगतो की "माझं आधीपासून हेच मत होतं". खोटं बोलत नसतो तो, त्याला खरंच तसं आठवत असतं. पान असलं की निदान पुरावा असतो.

पहिल्या महिन्यात कान उघडे ठेवा, लोक कशावर हसतात ते बघा

नवीन ठिकाणी भिंतीवर काय लिहिलंय, वेबसाइटवर काय मूल्यं छापलीत, इंडक्शनमध्ये काय सांगितलं, याने काही कळत नाही. दोन गोष्टींनी कळतं, चहाच्या टपरीवर कुणाची टर उडवतात आणि कुणाचं कौतुक करतात.

आमच्याकडे राहून गेलेल्या एका मुलाने सांगितलेली गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही कारण हे कितीतरी ऑफिसांत चालतं. जानेवारीत टॅक्स वाचवायचे प्रूफ द्या म्हणून मेल येतो, त्यात घरभाड्याच्या पावत्या लागतात. हा पोरगा तिघांबरोबर राहतो, खरं भाडं जेवढं आहे तेवढ्याच्या पावत्या घेऊन गेला. टीममध्ये एकाने स्टेशनरीच्या दुकानातून अख्खं पावतीपुस्तक आणलेलं, रेव्हेन्यू स्टँपची शीट आणलेली, आणि कँटीनच्या टेबलावर चार जण बसून बारा महिन्यांच्या पावत्या फाडत होते. एका महिन्याला निळं पेन, दुसऱ्याला काळं, मालकाची सही एकजण डाव्या हाताने करत होता म्हणजे अक्षर वेगळं दिसेल. पावतीवरचं भाडं खरं भरलेल्याच्या दुप्पट, म्हणजे टॅक्स कमी बसेल. याने स्वतःचा आकडा सांगितला तर सगळे हसले, वाईटपणे नाही हं, अगदी प्रेमाने, "अरे तू नवीन आहेस, शिकशील". आणि एक सीनियर, जो याला कामात खूप मदत करायचा, ज्याच्याबद्दल याला खरोखर आदर होता, तो म्हणाला, "आण इकडे, मी भरून देतो तुझ्या".

इथे नीट बघा काय झालं ते. कुणी धमकी दिली नाही, कुणी लालूच दाखवली नाही. हसले आणि मदत केली, बास. वाईट माणसांपासून सावध राहायला आपल्याला शिकवलेलं असतं, पण चांगली, जीव लावणारी माणसं जेव्हा चुकीची गोष्ट नेहमीची म्हणून करतात तेव्हा काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि माझ्या बघण्यात मूल्यं बदलतात ती बहुतेक वेळा अशाच ठिकाणी. त्या मुलाने पावती घेतली नाही, "माझं राहू दे, माझा टॅक्स तसाही कमीच बसतो" म्हणून विषय संपवला. हे मला फार आवडलं. त्याने भाषण दिलं नाही, कुणाला चोर म्हटलं नाही, आणि केलंही नाही. असं एक सरळ, छोटं, न भांडणारं वाक्य प्रत्येकाने आधीच तयार ठेवावं, ऐन वेळी सुचत नाही.

तर पहिल्या महिन्यात वहीत लिहीत जा, आज कशावर हसले. अभ्यास करणाऱ्यावर हसतात का, डबा आणणाऱ्यावर हसतात का, इंग्रजी चुकणाऱ्यावर, वेळेवर घरी जाणाऱ्यावर, बायकोला स्वयंपाकात मदत करणाऱ्यावर. ज्या गोष्टीवर रोज हसतात ती गोष्ट तुम्ही सहा महिन्यांत सोडणार आहात असं धरून चाला. मग ठरवा, ती सोडलेली तुम्हाला चालणार आहे का.

अमेरिकेत एका कॉलेजात हे नीट तपासून बघितलेलं आहे. व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन नावाचं मुलींचं कॉलेज १९३२ साली सुरू झालं, तिथे थिओडोर न्यूकम नावाचे मानसशास्त्रज्ञ शिकवायचे, त्यांनी १९३५ ते १९३९ तिथल्या मुलींचा अभ्यास केला. मुली बहुतेक श्रीमंत, जुन्या वळणाच्या, रिपब्लिकन पक्षाला मानणाऱ्या घरांतल्या, आणि शिक्षक बहुतेक उदारमतवादी, तेव्हाचे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या बाजूचे. १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या साधारण ६२ टक्के मुली रूझवेल्टविरुद्ध उभ्या असलेल्या रिपब्लिकन लँडनच्या बाजूने होत्या, म्हणजे घरच्यांसारख्याच, आणि वरच्या दोन वर्गांत तोच आकडा १५ टक्क्यांच्या आसपास. कॉलेज तेच, घरं तशीच, फक्त तिथे काढलेली वर्षं जास्त. न्यूकमला असंही दिसलं की ज्या मुली कॉलेजच्या कामांत पुढे होत्या, ज्यांना तिथे मान मिळत होता, त्या जास्त बदलल्या, आणि ज्यांचा जीव घरातच अडकलेला होता त्या कमी. म्हणजे मान कुठे मिळतो तिकडे माणूस सरकतो. त्यामुळे पान लिहिताना हेही स्वतःला विचारा, मला इथे कुणाकडून शाबासकी हवीय? ते नाव खरंखुरं लिहा. त्या माणसाची मूल्यं बघा, कारण तुमची तिकडे चाललीत.

बदल म्हणजे बिघडणं असं धरू नका

घरचे लोक इथे चुकतात असं मला वाटतं. मुलगा बदलला म्हणजे बिघडलाच. आपल्या महाराष्ट्रात तर याच्या बरोबर उलट एक मोठं काम उभं राहिलेलं आहे, जागा बदलून मूल्यं बदलायचं, मुद्दाम, ठरवून.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. त्याच्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांची मोठी चळवळ उभी केली होती, पण त्यातली बहुतेक वसतिगृहं जातवार होती, मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, त्या काळात मुलांना शिक्षणापर्यंत आणायला तोच रस्ता होता. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते आणि अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करून आत ये म्हणाले ती त्यांनी केली नाही म्हणून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली ठेवली, एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत, एकत्र काम. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं.

आता विचार करा, अशा घरातलं बारा वर्षांचं पोर की जिथे सावलीचासुद्धा विटाळ मानायचे, ते तिथे येतं. त्याला समतेवर व्याख्यान दिलं असतं तर त्याने मान हलवली असती आणि सुट्टीत घरी जाऊन परत तेच केलं असतं. पण महिनोन् महिने ज्याच्या शेजारी बसून एकाच चुलीवरची भाकरी खाल्ली, ज्याच्याबरोबर पाणी भरलं, लाकडं फोडली, त्याचा विटाळ मनात राहणार कसा? आणि बदलली ती फक्त मुलंच नाहीत. लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी, सोवळंओवळं पाळणाऱ्या जैन घरातून आलेल्या. त्याच या सगळ्या जातींच्या मुलांना आईसारखं करून घालायला लागल्या, आणि धान्य संपलं तेव्हा मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्र विकायला दिलं. त्या काळात, त्या घरातल्या बाईने. मला हे वाचताना प्रत्येक वेळी गलबलून येतं, कारण ज्या मुलांची भांडी वेगळी ठेवायची असं लहानपणापासून शिकवलेलं त्याच मुलांसाठी हे होतं.

आजही छोट्या प्रमाणावर दिसतं. आमच्याकडे नियम आहे, आपलं ताट आपण घासायचं, आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात पाळी. पहिल्या आठवड्यात मुलं ताट दोन बोटांत धरून नळाखाली फिरवतात, खरकटं तसंच, राखेसारखा पावडरचा थर तसाच, घरी कधी केलेलंच नसतं. दिवाळीला घरी गेल्यावर त्यातलाच एकजण जेवून उठला आणि सवयीने ताट घेऊन मोरीकडे गेला, तर आजी ओरडली, "ठेव ते, बायका मेल्यात का घरातल्या". त्याने स्वतःचं घासलं आणि आईचंही घासलं. आई काही बोलली नाही म्हणे, पण दुसऱ्या दिवसापासून लहान भावालाही त्याचं ताट उचलायला लावलं. ही बिघडलेली संगत आहे का?

मग चांगला बदल कुठला आणि वाईट कुठला हे ओळखायचं कसं. मी मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. पहिला, ह्या बदलाची किंमत कोण मोजतंय? मी आधी स्वतः काम करायचो आता दुसऱ्याकडून फुकट करून घेतो, मी आधी घरी पैसे पाठवायचो आता मागतो, इथे किंमत दुसरा मोजतोय. आधी बहिणीच्या शिक्षणाला नाही म्हणायचो आता तिच्या फीसाठी माझा खर्च कमी करतो, इथे मी मोजतोय. साधारणपणे ज्या बदलाची किंमत आपण स्वतः मोजतो तो बदल भल्याचा असतो, याला अपवाद आहेत पण थोडे. दुसरा, उद्या ही सगळी गँग दुसऱ्या शहरात गेली आणि मी एकटा उरलो तर हे करीन का? नाही असं उत्तर आलं तर ते तुमचं मत नाहीच, तुम्ही फक्त गर्दीत उभे आहात. तिसरा सगळ्यात अवघड, ज्याचं यात नुकसान होतं त्याच्यासमोर बसून मी हे सांगू शकतो का. घरच्यांना सगळंच सांगितलं पाहिजे असं माझं म्हणणं नाही, वेगळ्या जातीतल्या मुलीवर प्रेम आहे हे लपवावं लागतं कधीकधी आणि त्यात लपवणारा चुकीचा नसतो, म्हणून प्रश्न घरच्यांचा नाही, ज्याचं नुकसान होतंय त्याचा आहे.

एक माणूस शोधा, एकच पुरतो

हे मला या सगळ्यात सगळ्यात उपयोगी वाटतं, बाकी काही केलं नाही तरी हे करा.

१९५१ च्या सुमारास सॉलोमन ॲश यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. खोलीत सात-आठ जण, समोर एक रेघ, आणि बाजूला तीन रेघा, त्यातली कुठली पहिलीएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं. उत्तर शेंबड्या पोराला कळेल असं. पण एक सोडून बाकी सगळे आधीच सांगून ठेवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. त्या एकट्या माणसाची पाळी शेवटी-शेवटी यायची. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीसारखी चुकीची आली, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी गर्दीची री ओढली. डोळ्यांना दिसतंय ते खोटं म्हणून सांगितलं, अनोळखी लोकांसाठी, काही फायदा नसताना.

पण ॲशने पुढे अजून एक केलं, गर्दीत एक जण असा ठेवला जो बरोबर उत्तर देईल. बास, एकच. तर चुकीची उत्तरं पाच टक्क्यांच्या आसपास खाली आली. आणि तो साथीदार मध्येच फिरून गर्दीकडे गेला की चुका परत वाढल्या.

म्हणजे तुम्हाला दहा चांगले मित्र नकोत, अख्खं ऑफिस सुधारायला नको, एक जण पाहिजे, आणि तो टिकणारा पाहिजे, आणि तो त्याच खोलीत पाहिजे. गावाकडचा मित्र फोनवर कितीही चांगला असला तरी टेबलावर पावत्या फाडत असताना तो तिथे नसतो. हा माणूस शोधायचा कसा? सगळ्यात जास्त बोलणारा बघू नका. एखादी चुकीची गोष्ट चालू असताना जो चहा आणायला म्हणून उठून जातो, जो हसत नाही, जो "मला नको" एवढंच म्हणतो, त्याच्याजवळ जाऊन बसा. मुलींना मी खास सांगतो, ऑफिसात एखाद्याच्या घाणेरड्या जोकवर जी दुसरी हसली नाही तिच्याशी त्याच दिवशी बोला, उद्यावर टाकू नका, कारण तिलाही वाटत असतं की मी एकटीच आहे. आणि कुणीच सापडलं नाही तर तुम्ही स्वतः ते पहिले व्हा, तुमच्या एका "नको"मुळे कदाचित तिसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला त्याचं खरं उत्तर देता येईल.

घाई आणि हप्ते

१९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोघांनी प्रिन्स्टनमधल्या पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं, त्यातल्या काहींना तर विषयच होता रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस दारात वाकून पडलेला, खोकतोय, कण्हतोय. ज्यांना उशीर झालाय पळा असं सांगितलेलं त्यांच्यातल्या १० टक्क्यांनी मदत केली. ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी. भाषणाचा विषय काय होता याने फारसा फरकच पडला नाही.

धर्म शिकणारी मुलं होती ती, वाईट नव्हती. घाईत होती.

त्यामुळे ज्याला आपली मूल्यं सांभाळायचीत त्याने आधी घाई कमी करायची, आणि शहरात घाई येते ती मुख्यतः पैशाच्या हप्त्यांतून. पहिल्या पगारात फोन हप्त्यावर, तिसऱ्या महिन्यात बाइक, वर्षभरात क्रेडिट कार्डचं मिनिमम ड्यू, आणि मग साहेब म्हणाला क्लायंटला खोटे तास दाखव तर तुम्ही नाही म्हणू शकत नाही, कारण पाच तारखेला बँकेतून पैसे कापले जाणार असतात. लोकांना वाटतं आपली तत्त्वं ढिली झाली, पण बऱ्याचदा ढिला झालेला असतो तो बँक बॅलन्स. माझा सल्ला अगदी साधा आहे, पहिली दोन वर्षं एकही हप्ता नको, सेकंडहँड फोन वापरा, पीएमटीच्या बसने फिरा (हो आता पीएमपीएमएल म्हणतात, आमच्या तोंडात पीएमटीच बसलंय), आणि तीन महिन्यांचं भाडं आणि मेसचे पैसे वेगळ्या खात्यात पडू द्या. ते पैसे असले की "सर, हे मला जमणार नाही" हे वाक्य तोंडातून निघतं, नसले की नाही निघत. मूल्यांवर इतकी चर्चा होते आणि या गोष्टीवर कुणी बोलत नाही.

फोनबद्दल थोडक्यात. तुम्ही रोज जे बघता तीही संगतच आहे. एक आठवडा लिहून ठेवा, कुठलं अकाउंट बघून झाल्यावर आपलं घर, आपला रंग, आपले आईवडील कमी वाटायला लागतात, किंवा कुठल्यातरी जातीधर्माच्या माणसांचा राग यायला लागतो. ती अकाउंटं बंद करा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असलं काही येत असेल तर म्यूट करा आणि काकांना रविवारी फोन करून बोला, नातं फोनवर टिकतं, फॉरवर्डवर नाही.

जागा तुमच्या हातात असेल तर

टीम लीड, रेक्टर, दुकान चालवणारे, आईवडील, तुमच्यासाठी हे वेगळं आहे, कारण दुसऱ्यांची परिस्थिती म्हणजे तुम्ही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. दुष्काळ, दारू, भांडणं, शहराकडे निघून गेलेली माणसं, असं गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्यांनी लोकांना चांगलं वागा म्हणून सांगत बसण्यापेक्षा गावाचे नियमच बदलले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेतीसाठी बोअरवेल नको आणि ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं नकोत, आणि दरवर्षी गावात किती पाणी आहे ते मोजून, सगळ्यांसमोर मांडून, मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. पाणी जमिनीखालचं असलं की जो तो आपलं आपलं ओढतो, त्यात कुणी वाईट नसतं. तेच पाणी चावडीवर मोजलं गेलं की ते सगळ्यांचं होतं, आणि शेजाऱ्याच्या वाटचं ओढायची लाज वाटायला लागते.

ऑफिसात पण हेच करता येतं. तुमच्या टीममध्ये जी गोष्ट लपून होते ती उघड्यावर आणा. जास्त थांबणाऱ्याचं कौतुक बंद करा, चूक स्वतःहून सांगणाऱ्याचं सगळ्यांसमोर करा, आणि नवीन आलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस ज्याच्याजवळ बसवाल तो नीट निवडा, बाकी ट्रेनिंग नंतर दिलं तरी चालतं. आईवडिलांनी मुलाला हॉस्टेलला सोडताना फर्निचर बघण्यापेक्षा संध्याकाळी साडेसातला मेसमध्ये जाऊन बसावं आणि मोठी मुलं वाढपी मावशींशी कशी बोलतात ते ऐकावं. अर्ध्या तासात कळतं.

कधी सोडायचं

सगळं करूनही काही जागा नाही सुधारत, आणि तिथे राहून स्वतःला सांभाळीन ही जिद्द मला धोक्याची वाटते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक हेरॉइन घ्यायला लागले होते, ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परत आलेल्या सैनिकांचा माग घेतला तर साधारण पाचातल्या एकाला तिथे असताना व्यसन लागलं होतं, पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास परत व्यसनात अडकले. हेरॉइनसारखी गोष्ट. जागा सुटली, सोबतचे सुटले, रोजचं मरणाचं भय सुटलं, आणि बहुतेकांचं व्यसनही सुटलं. म्हणून आमच्याकडे एखादा मुलगा दारूतून बाहेर येतो तेव्हा मी त्याला त्याच रूमवर, त्याच तिघांत परत पाठवत नाही, त्याने कितीही शपथा घेतल्या तरी.

सोडायची वेळ कशी ओळखायची ते सांगतो. दर सहा महिन्यांनी ते दुमडलेलं पान उघडा. एखादी ओळ मोडली असेल तर घाबरू नका, विचार करून मोडली असेल तर तसं शेजारी लिहा आणि तारीख टाका. पण तीन-चार ओळी मोडल्यात आणि कधी मोडल्या ते आठवतसुद्धा नाही असं झालं, किंवा ते पान रूम पार्टनरला दाखवायची लाज वाटायला लागली, तर रूम बदला. आधी रूम, ती स्वस्तात बदलते. मग मेस आणि संध्याकाळची बसायची जागा. मग टीम बदलून मागा. नोकरी सगळ्यात शेवटी, आणि तीही दुसरी हातात आल्यावर, म्हणून ते तीन महिन्यांचे पैसे. सोडताना कुणाला दोष देत बसू नका, "मला कामाच्या जवळ जागा मिळाली" एवढं पुरतं, डिपॉझिटचा हिशेब लेखी घ्या, आणि नवीन जागी टोकन द्यायच्या आधी एकदा रात्री दहानंतर जाऊन तिथली माणसं बघून या.